डिकीतल्या सिलिंडरसकट

ऑक्टोबर संपत आला की मुंबईकरांच्या गप्पांत पद्मिनी, म्हणजे टॅक्सी म्हणून धावलेली जुनी फियाट, हमखास येते. ताडदेवच्या आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी. मुंबईत टॅक्सीचं आयुष्य वीस वर्षांचं ठरलेलं, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून कायमची उतरली. त्याच्या दीड महिना आधी बेस्टची डिझेलवरची डबल डेकर गेली होती. तेव्हापासून एकच वाद पुन्हा पुन्हा कानावर पडतो आहे. एक पक्ष जुने फोटो काढून हळहळतो: काय गाडी होती, काय पत्रा होता, आजच्या गाड्या म्हणजे नुसते डबे. दुसरा पक्ष फटकारतो: भंगार होतं ते, धूर ओकायचं, गेलं ते बरं झालं. याच चालीवरचा वाद जुन्या विज्ञानमालिकांवरूनही होतो. आमच्या पिढीने ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' पाहिली, पुढे 'स्पेस सिटी सिग्मा' आणि 'इंद्रधनुष' पाहिल्या. त्यांचा विषय निघाला की एकाचा गळा दाटून येतो आणि दुसरा पुठ्ठ्याची यंत्रं आणि थर्मोकोलचे दगड मोजून दाखवतो.

मला हे दोन्ही पक्ष एकाच जागी चुकलेले दिसतात. दोघंही त्या वस्तूकडे नीट बघत नाहीत. हळहळणाऱ्याला तिचे दोष दिसत नाहीत आणि फटकारणाऱ्याला दोषांपलीकडचं काही दिसत नाही. माझं म्हणणं असं, की जुनी मोटार आणि जुनी विज्ञानमालिका या दोन्ही जपायलाच हव्यात, त्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च व्हायला हवा, आणि जपायच्या त्या त्यांच्या दोषांसकट. रंग चढवून, आतलं इंजिन बदलून, चित्रं संगणकावर नव्याने काढून जे उरतं ती जपणूक नाही. हा मुद्दा कुणी मांडत नाही, म्हणून वाद दरवर्षी त्याच जागी फिरतो.

आधी विरोधकांचं जे खरं आहे ते मान्य करतो, आणि ते पुष्कळ आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पावसात पाणी शिरलं की ब्रेक लागेपर्यंत चालकाचा जीव टांगणीला. एअरबॅग वगैरेंचा प्रश्नच नव्हता. तिचं इंजिन आजच्या कुठल्याही प्रदूषण-मानकात बसलं नसतं. आमच्या चाळीत तळमजल्यावर एक टॅक्सीवाले काका राहायचे, वीसहून जास्त वर्षं त्यांनी फियाट चालवली. गिअरचा दांडा स्टीअरिंगच्या खाली, डाव्या हाताला. दिवसभर तो वर-खाली, मागे-पुढे करून त्यांचा डावा खांदा कायमचा धरला. शेवटची पद्मिनी गेली तेव्हा मी त्यांना मोठ्या उत्साहाने फोटो दाखवले. ते म्हणाले, "फोटो छानच येतो रे तिचा. पण मे महिन्यात भर दुपारी इंजिनाची धग पायांवर यायची, ती फोटोत येत नाही." या वाक्याने मला पुष्कळ दिवस सोडलं नाही. कारण हळहळणारे आपण सगळे मागच्या सीटवर बसणारे होतो. ज्यांनी ती गाडी हाकली त्यांच्यातले अनेक जण तिच्यातून सुटल्याचा आनंदच सांगतात.

दुसरा आक्षेप याहून जड आहे. पद्मिनी इतकी वर्षं टिकली ती तिच्या गुणांमुळे कमी आणि आपल्या धोरणांमुळे जास्त. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या परवान्यावर गाड्या निघू लागल्या. गोलमटोल 'डुक्कर फियाट' जुन्या मुंबईकरांना अजून आठवत असेल. मग १९६४ मध्ये ११०० डिलाइट आली, आणि १९७४ मध्ये तिचंच नाव पद्मिनी झालं. इटलीत हे कूळ १९६९ मध्ये बंद झालं. कुर्ल्यात ते २००० साल ओलांडेपर्यंत चालू राहिलं. तिकडे बंगालमधल्या उत्तरपाऱ्यात ॲम्बेसेडरची तीच गोष्ट: मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, १९५० च्या दशकात इथे आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. गिऱ्हाइकाने पैसे भरायचे आणि वर्षानुवर्षं नंबर लागायची वाट बघायची. पर्यायच नसताना निर्माण झालेल्या सवयीला प्रेम म्हणायचं का? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर नाक मुरडून चालणार नाही.

पण मग याच प्रश्नापासून पुढे विचार करू. कारखान्याने काय आणि किती बनवायचं हे सरकारी परवान्यावर ठरायचं, ते परवाना राज म्हणजे काय होतं हे २०५० साली विशीत असलेल्या मुलीला कसं कळणार? अर्थशास्त्राच्या पुस्तकात दोन परिच्छेद असतील. त्याऐवजी तिच्यासमोर १९६४ ची डिलाइट आणि तिच्याशेजारी १९९० च्या दशकातली पद्मिनी उभी केली आणि म्हटलं, यातला फरक शोधून दाखव, तर? तीस वर्षांत दरवाजाची कड, डॅशबोर्ड, छपराची रेषा किती थोडी बदलली हे ती स्वतःच्या बोटांनी चाचपून बघेल. स्पर्धा नसलेली बाजारपेठ तिला पत्र्यावर वाचता येईल. म्हणजे पद्मिनी जपण्याची निकड खरं तर तिच्यावर टीका करणाऱ्यांना जास्त वाटायला हवी. त्यांनी तिला भंगारात जाऊ दिलं, तर मागे उरतील त्या फक्त हौशी श्रीमंतांच्या गॅरेजमधल्या क्रोम चमकवलेल्या, चामड्याच्या सीटा घातलेल्या गाड्या. रविवारच्या रॅलीत त्या मरीन ड्राइव्हवरून जातील आणि बघणाऱ्याला वाटेल, काय सोन्याचा काळ होता तो! पुरावा नष्ट झाला की दंतकथा मोकाट सुटते, आणि ती नेहमी हळहळणाऱ्याच्याच बाजूने सुटते.

"आजच्या भंगाराला उद्याचा वारसा म्हणायचं झालं तर सगळंच जपावं लागेल" असंही म्हटलं जातं. या आक्षेपाचं उत्तर पुण्यात बाजीराव रस्त्याजवळ उभं आहे. दिनकर केळकरांनी १९२० च्या दशकापासून वस्तू गोळा करायला सुरुवात केली, तेव्हा जुन्या वाड्यांमधून पितळी दिवे, अडकित्ते, फण्या, कुलपं, दरवाजे मोडीत निघत होते. समईच्या जागी कंदील आणि मग विजेचा दिवा आलेला. घरात अडगळ नको म्हणून लोक ते वजनावर देऊन टाकत होते. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने अडकित्त्यासाठी गावोगाव फिरावं, हे तेव्हाच्या शहाण्यांना कसं दिसलं असेल? आज राजा दिनकर केळकर संग्रहालयात त्या अडकित्त्यांसमोर उभं राहिलं की पेशवाईतल्या घरांमधला पानसुपारीचा व्यवहार, कारागिराची नजर, घरातल्या बाईच्या हातातली सुपारी, हे सगळं एका नजरेत येतं. केळकरांनी सगळंच जपलं नाही. पण जे रोज हाताळलं जायचं आणि म्हणूनच कुणाला मोलाचं वाटत नव्हतं, तेच नेमकं उचललं. टॅक्सी ही मुंबईची तशी वस्तू आहे.

न जपल्याने काय होतं, हे दूरचित्रवाणीने फार क्रूरपणे दाखवलं आहे. बीबीसीची विज्ञानमालिका 'डॉक्टर हू' १९६३ मध्ये सुरू झाली. तेव्हा व्हिडिओ टेप महाग होती, पुनःप्रक्षेपणाचे हक्क मर्यादित होते, आणि घरी बसून जुना कार्यक्रम पुन्हा बघता येईल ही कल्पनाही नव्हती. म्हणून एकेक टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमासाठी वापरली गेली, आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या गेल्या. हे करणारे लोक दुष्ट नव्हते. जागा वाचवा, खर्च वाचवा, पुढे बघा, हाच त्यांचाही युक्तिवाद होता, आणि त्या दिवशी तो पूर्ण शहाणपणाचा वाटत होता. १९६० च्या दशकातले नव्वदहून अधिक भाग त्यामुळे आजही गायब आहेत. २०१३ मध्ये हरवलेल्यांपैकी नऊ नायजेरियातल्या जोस शहरात सापडले, तेव्हा ब्रिटनमध्ये ती पहिल्या पानाची बातमी झाली. एक गोष्ट मला याहून मोठी वाटते. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे, कारण काही मुलांनी त्या काळी घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो उतरवून ठेवला होता. ज्या वेड्या प्रेमाला आपण पोरकट म्हणतो, त्याने संस्थेची चूक अर्धी तरी भरून काढली.

आपल्याकडे हेच सिनेमाच्या बाबतीत झालं. 'आलम आरा' हा १९३१ चा आपला पहिला बोलपट. त्याची एकही प्रत उरलेली नाही. पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून दादासाहेब फाळक्यांच्या चित्रपटांचे उरलेसुरले तुकडे शोधून काढले म्हणून आज फाळके आपल्याला निदान थोडे तरी दिसतात. संग्रहालय सुरू झालं १९६४ मध्ये, फाळक्यांच्या मृत्यूनंतर तब्बल वीस वर्षांनी. पद्मिनीच्या बाबतीत आपल्याला इतका उशीर करायचा आहे का? टॅक्सीचालकांच्या संघटनेने तिची एक तरी गाडी जपावी अशी मागणी केली होती. ज्यांच्या खांद्यांनी आणि पायांनी ती सोसली त्यांनीच ती जपायला सांगितली, हे मला त्या वादातल्या सगळ्या मतांपेक्षा मोलाचं वाटतं.

आता कसं जपायचं, याकडे येतो. कारण खरा घोटाळा तिथे आहे.

'स्टार ट्रेक'मधलं एंटरप्राइझ यान आपण रविवारी सकाळी ताऱ्यांमधून सळसळत जाताना पाहिलं. ते १९६४ मध्ये मुख्यतः लाकूड आणि प्लॅस्टिक वापरून बनवलेलं सुमारे अकरा फुटांचं मॉडेल होतं. त्याची सजावट उजव्या बाजूला केलेली. आतल्या दिव्यांच्या तारा डाव्या बाजूने घुसवलेल्या, म्हणून कॅमेरा तिकडे जाऊच द्यायचा नाही. यान उलट दिशेला जाताना दाखवायचं असलं की अक्षरं उलटी चिकटवायची आणि फिल्म आरशातल्यासारखी उलटवायची. १९७४ मध्ये ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय हवाई व अवकाश संग्रहालयाकडे आलं आणि पुढे त्याची अनेकदा डागडुजी झाली. १९९१ मध्ये त्याला बराच ठळक नवा रंग दिला गेला आणि चाहते चिडले. चाहत्यांचं चिडणं हे बालिश मानलं जातं, पण ते बरोबर होते. २०१६ पर्यंत चाललेल्या पुढच्या दुरुस्तीत संग्रहालयाने आधी एक प्रश्न सोडवला: हे यान नेमकं कोणत्या दिवसासारखं दिसायला हवं? उत्तर ठरलं, ऑगस्ट १९६७, म्हणजे मालिकेच्या चित्रीकरणासाठी त्यात शेवटचा बदल झाला तेव्हासारखं. यानाच्या तबकडीचा वरचा भाग १९९१ मध्ये रंगवायचा राहिला होता, त्यामुळे मूळ रंग तिथे सापडला. इतर ठिकाणी थर हळूहळू घासून खालच्या रंगापर्यंत पोचावं लागलं. एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या लाकडी यानासाठी देशाच्या संग्रहालयातल्या जाणकारांनी एवढा जीव लावला. यालाच मी जपणूक म्हणतो.

त्याच मालिकेचं पडद्यावर मात्र वेगळंच झालं. २००६ पासून तिच्या यानाची, ग्रहांची दृश्यं संगणकावर नव्याने बनवून जुन्या भागांत बसवली गेली. बाजू घेणारे म्हणतात, मोठ्या पडद्यावर जुनी दृश्यं भुरकट दिसतात, नवी पिढी त्यामुळे मालिकेपर्यंत येते. नवी पिढी येते हे मी मान्य करतो. ब्लू-रे आवृत्तीत तर जुनी आणि नवी यांतली कोणती बघायची हे प्रेक्षकाला निवडता येतं, ही सोय मला आदर्श वाटते. पण जिथे निवड नसते आणि नवी आवृत्ती जुनीची जागा घेते, तिथे आपण मुलांना खोटं सांगतो. त्या मालिकेत यानाचे दरवाजे सर्रकन आपोआप उघडायचे. पडद्यामागे माणसं ते हाताने ओढत होती. यानावरच्या डॉक्टरची भविष्यातली उपकरणं म्हणून चकचकीत मीठदाण्या वापरल्या होत्या. मीठदाणी हातात धरून कुणी माणूस तेविसाव्या शतकातलं वैद्यक गंभीरपणे उभं करतो, आणि आपण चाळीत बसून त्यावर विश्वास ठेवतो! साधनं एवढीशी आणि कल्पना एवढी मोठी, यांच्यामधलं ते अंतर हीच तर त्या काळाची खरी हकीकत. ते अंतर बुजवलं की उरतं एक साधारण दर्जाचं चलच्चित्र, ज्याच्याहून चांगली आज शेकड्याने बनतात.

दोष फक्त रंगाचे आणि पुठ्ठ्याचे असतात असं नाही. शीतयुद्ध चालू असताना या मालिकेने यानाच्या सुकाणूपाशी एक रशियन बसवला, संदेशयंत्रणेवर एक कृष्णवर्णीय अधिकारी स्त्री बसवली. अमेरिकेत १९६० च्या दशकात हे धाडस होतं. आणि त्याच मालिकेच्या १९६९ च्या शेवटच्या भागाची सगळी गोष्टच यावर उभी आहे, की यानाचं कप्तानपद बाईला मिळत नाही. तेविसावं शतक कल्पिणाऱ्यांनाही एवढी साधी गोष्ट कल्पता आली नव्हती. हा भाग आज लपवावा का? मला तो आवर्जून दाखवावासा वाटतो, माझ्या मुलीलाही. भविष्याची मोठमोठी चित्रं काढणाऱ्यांना स्वतःच्या काळाची कुंपणं कशी दिसत नाहीत, याचा इतका स्वच्छ धडा दुसरीकडे मिळणार नाही.

मोटारींच्या बाबतीत हाच प्रश्न आज विजेच्या रूपाने उभा आहे. जुन्या गाडीचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवायची लाट जगभर आहे. मालक म्हणतात, धूर नाही, आवाज नाही, गाडी रस्त्यावर जिवंत राहते. हा युक्तिवाद मी हलका मानत नाही. धुराचं म्हणणं तर अगदी बरोबर आहे. कुणाला आजोबांची फियाट विजेवर चालवायची असेल तर खुशाल चालवावी. फक्त तिला ऐतिहासिक गाडी म्हणू नये. जुन्या वाहनांच्या संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ, 'फिवा', याने २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली: विजेवर बदललेली गाडी ऐतिहासिक वाहनाच्या व्याख्येत बसत नाही, आणि बदल करायचाच तर तो उलटवता येईल असा करावा, मूळ भाग जपून ठेवावेत. काढलेलं इंजिन कोपऱ्यात पोत्याखाली का होईना, शाबूत असलं पाहिजे. एवढी अट पाळायला काय हरकत आहे?

आपल्या केंद्र सरकारने २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी वेगळी तरतूद केली. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असावी, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नसावेत. मग तिला 'व्हीए' अक्षरं असलेला नंबर मिळतो आणि प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला मनाई. हा नियम चांगला आहे, धुराच्या आक्षेपाचं अर्धं उत्तर त्यातच आहे. पण त्यात एक मोठं खिंडार आहे. टॅक्सी वीस वर्षांत मोडीत निघते आणि व्हिंटेज ठरायला पन्नास लागतात. मधली तीस वर्षं तिला कोण सांभाळणार? खाजगी श्रीमंताची बंद गॅरेजमधली गाडी ती तीस वर्षं सहज काढते. कामाची गाडी, म्हणजे टॅक्सी, टेम्पो, एसटी, कधीच काढू शकत नाही. कायद्याने कुणाचं नाव न घेता श्रीमंतांचा इतिहास राखून ठेवला आणि कष्टकऱ्यांचा भंगारात काढला. सरकारने मोडीत निघणाऱ्या प्रत्येक जातीच्या कामाच्या वाहनांपैकी निदान दोन-तीन वेळीच बाजूला काढावीत, एवढीच माझी मागणी आहे. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा पैसा कुठे दिसणारही नाही.

मग वॉशिंग्टनमध्ये विचारला गेला तोच प्रश्न आपल्यालाही सोडवावा लागेल: पद्मिनी कोणत्या दिवसाची? कारखान्यातून निघाली त्या दिवसाची, असं बहुतेक जण म्हणतील. मला ते पटत नाही. मुंबईच्या टॅक्स्या दोन हजार सालाच्या आगेमागे पेट्रोलवरून सीएनजीवर गेल्या, आणि डिकीत तो भला मोठा सिलिंडर येऊन बसला. आईला गावी पाठवताना तांदळाची पिशवी डिकीत मावेना, म्हणून मी ती दादरपर्यंत मांडीवर घेऊन बसलो होतो; बाकीचं सामान वर कॅरिअरवर, सुतळीने आवळलेलं. तो सिलिंडर कंपनीने बसवलेला नव्हता, गाडीच्या सौंदर्याला तो शोभत नव्हता, प्रवाशाची त्याने गैरसोयच केली. पण मुंबईची हवा सुधारण्यासाठी या शहराने काय केलं, कुणी त्याची किंमत मोजली, याची ती एकमेव वस्तुरूप नोंद आहे. हौशी संग्राहक तो पहिल्या दिवशी काढून टाकेल.

उद्या एखाद्या दालनात पद्मिनी उभी राहिली तर तिची डिकी उघडी ठेवा आणि आत तो सिलिंडर असू द्या. बाहेर डाव्या बाजूला मीटर, त्यावर कापड गुंडाळलेलं. गिअरच्या दांड्याची मूठ हात लागून लागून गुळगुळीत झालेली, तशीच. आमच्या नाक्यावरचा मेकॅनिक इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप मापपट्टीने बघायचा नाही, सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा फाडून मध्ये सरकवायचा. असे मेकॅनिक अजून आहेत, त्यांना बोलावून त्यांचे हात चालताना चित्रित करून घ्या. आणि शेजारी एक बटण ठेवा, दाबलं की एका टॅक्सीवाल्याचा आवाज यावा, मे महिन्याच्या दुपारी पायांवर येणारी धग कशी होती ते सांगणारा.